आनंदाचा जमाखर्च

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो, "यंदा कोठे जायचे?" ज्या घरी पैशाची ददात नाही, तेथे या प्रश्नाचे उत्तर सोपे असते. परंतु ज्या घराला एका हंगामाच्या पैशावर सारे वर्ष काढावयाचे असते, तेथे हा प्रश्न निघताच वडील माणसे एकमेकांकडे पाहतात आणि विषय बदलतात. मुलांना वाटते, आपल्या इच्छेला घरात किंमत नाही. आईवडिलांना वाटते, आपली ओढगस्त मुलांपुढे उघडी पडू नये. अशा रीतीने दोन्ही पक्ष मुकाट्याने खिन्न होतात आणि सुट्टी तशीच संपून जाते.

वस्तुतः या प्रश्नाला तोंड देण्याचा एक सरळ मार्ग आहे. घरातील सर्वांनी, लहान मुलांनीसुद्धा, एकत्र बसून त्या आनंदाचा जमाखर्च मांडावा, हाच तो मार्ग होय.

उदाहरणासाठी घनसावंगी येथील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. घनसावंगी हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. घरी थोडी कोरडवाहू जमीन, तीत कापूस. विहिरीजवळ मोसंबीची काही झाडे. आई शिवणयंत्रावर लोकांचे कपडे शिवते. मुलगी आठवीत आहे, मुलगा सहावीत आहे, आणि आजीने शहात्तर वर्षे पूर्ण केली आहेत. जालना जिल्ह्याची मोसंबी दूरवर प्रसिद्ध आहे. पण २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातील मोसंबीच्या कित्येक बागा उभ्या जागी वाळून गेल्या. ज्यांनी ते वर्ष पाहिले आहे, ते हाती आलेला रुपया खर्च करण्यापूर्वी आभाळाकडे पाहतात. या घरातील वडीलही तसेच आहेत.

अशा घरातील मुलाला शाळेतील एक सोबती सांगतो की, आपण खोपोलीजवळचे मोठे मनोरंजन-उद्यान पाहून आलो. तेथे आकाशात उलटे फिरविणाऱ्या गाड्या आहेत, पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, अंधारातून नेणारी नाव आहे. मुलगा घरी येतो. पण काही बोलत नाही. चार दिवसांनी तो आजीला हळूच विचारतो, "आजी, खोपोली फार लांब आहे का गं?" आजी ही गोष्ट आईला सांगते, आई वडिलांना सांगते, आणि त्या रात्री वडिलांना लवकर झोप येत नाही.

त्या मुलाची इच्छा उनाडपणाची आहे काय? पुष्कळांना तसे वाटते. पण माणसाची ही हौस आजची नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली रामनवमीच्या दिवशी त्यांचा जन्म झाला. आजही रामनवमीला तेथे लोक लोटतात. देवदर्शन झाले की कोणत्याही यात्रेत मुलांचे पाय आपोआप पाळण्याकडे वळतात. सर्व देशांतील मुले या बाबतीत सारखीच आहेत. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात १८४३ साली तिव्होली नावाचे करमणुकीचे उद्यान उघडले. अमेरिकेतील शिकागो येथे १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात फेरिस नावाच्या अभियंत्याने २६४ फूट उंचीचा लोखंडी रहाटपाळणा उभारला, तेव्हा त्यात बसण्यासाठी मोठमोठी माणसे रांगा लावीत. पुढे १९५५ साली वॉल्ट डिस्ने यांनी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू केले. जत्रेत पाळणे आणि दुकाने जागा मिळेल तेथे उभी राहतात. डिस्ने यांनी मात्र उद्यानाचा एकेक भाग एकेका कल्पनेभोवती रचला. अशा उद्यानांना थीम पार्क म्हणतात. महाराष्ट्रात मुंबईजवळ गोराई येथे १९८९ साली एस्सेल वर्ल्ड निघाले आणि २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले. आजीने लहानपणी यात्रेत एका नाण्यासाठी आपल्या वडिलांचे धोतर धरून हट्ट केला असेल, तोच हट्ट आज नातवाच्या मनात आहे. नाण्याची किंमत मात्र वाढली आहे.

म्हणून इच्छेला नावे ठेवू नयेत. तिची किंमत विचारावी. किंमत विचारण्यात कमीपणा नाही. बाजारात भाजी घेताना जो मनुष्य भाव विचारतो, त्याला कोणी दरिद्री म्हणत नाही. तो शहाणा समजला जातो.

एका संध्याकाळी वडील मनाचा हिय्या करतात आणि दोन्ही मुलांना जवळ बोलावतात. मुलीच्या हाती जुनी वही दिली जाते. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिला आहे. त्यांच्या जन्मभूमीच्या शेजारी राहणाऱ्यांनी निदान घरखर्च तरी लिहून ठेवावा. मनातला खर्च नेहमी धूसर असतो. आशेच्या वेळी तो फार लहान दिसतो आणि भीतीच्या वेळी फार मोठा दिसतो. कागदावर आला की तो आपल्या खऱ्या आकारात उभा राहतो.

प्रथम जमेची बाजू. बी-बियाणे, शाळेची फी, वह्या-पुस्तके, आजीची औषधे आणि घरचे धान्य यांसाठी लागणारे पैसे बाजूला काढून ठेवावयाचे. त्यांना हात लावावयाचा नाही. त्यानंतर जे उरले, ते समजा ७,००० रुपये आहेत. सहलीचा विचार या उरलेल्या रकमेतूनच झाला पाहिजे.

आता खर्चाची बाजू. एस.टी.च्या प्रवासाचे पूर्ण तिकीट जाण्याचे ७०० रुपये धरले, तर पाच माणसांचे किती होतील? मुलगा लगेच सांगतो, "साडेतीन हजार." पण ताई त्याला थांबविते. महाराष्ट्रात २०२३ च्या मार्चपासून एस.टी.मध्ये स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. म्हणून आईचे अर्धे आणि तिचेही अर्धे. मुलाला बारा वर्षे पूर्ण झाली नाहीत, म्हणून त्याचेही अर्धे. पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना २०२२ च्या ऑगस्टपासून प्रवास मोफत आहे. तेव्हा आजी फुकट. पूर्ण तिकीट एकट्या वडिलांचे. म्हणजे पाच माणसांची तिकिटे अवघी अडीच! जाण्याचे १,७५० आणि येण्याचे तितकेच, मिळून ३,५०० रुपये. आजीला आपण फुकट प्रवास करणार याचा इतका आनंद होतो की, ती आपले आधारपत्र पेटीतून काढून आताच उशाशी ठेवते.

पुढची बाब प्रवेशाची. सुट्टीच्या गर्दीत तीन मोठ्यांचे प्रत्येकी १,३००, मुलाचे १,००० आणि वृद्धांसाठी असलेल्या सवलतीने आजीचे ९०० धरले, तर ५,८०० रुपये होतात. दोन रात्रींच्या मुक्कामाचे ३,०००, खाण्यापिण्याचे ३,००० आणि अडीअडचणीसाठी १,०००. ताई बेरीज करते. १६,३०० रुपये! घरात शांतता पसरते. जवळ ७,००० आहेत. ९,३०० कमी पडतात.

याच क्षणी पुष्कळ घरे चुकतात. कोणी म्हणतो, "मिटवा ती वही, आपल्या नशिबी नाही ते." कोणी म्हणतो, "हातउसने काढू, पुढे पाहू." पहिले उत्तर मुलांचे मन मोडते आणि दुसरे घर मोडते. दुसऱ्या उत्तराचा हिशेब मुलांनीच करून पाहावा. ९,३०० रुपये दरमहा शेकडा तीन रुपये व्याजाने काढले, तर महिन्याला २७९ रुपये व्याज होते. वर्षभर मुद्दल फिटले नाही, तर केवळ व्याजच ३,३४८ रुपये होईल. सगळ्या कुटुंबाच्या जाण्यायेण्याच्या भाड्याइतकी ही रक्कम झाली. आणि तिच्या बदल्यात पाळण्याचा एक फेरासुद्धा मिळणार नाही. एका दिवसाच्या हौसेसाठी जे घर वर्षभर सावकाराच्या पावलांचा कानोसा घेत बसते, त्या घराने आनंद विकत घेतला असे म्हणता येत नाही. शेतकऱ्याला पेरणीसाठी किंवा दवाखान्यासाठी कधी कर्ज काढावे लागते; त्याला इलाज नसतो. परंतु सहलीसाठी कर्ज काढणे केव्हाही टाळता येते.

मग वही मिटावयाची का? तेही नको. खर्चाचा आकडा मोठा दिसला, तर त्याचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला विचारावे, "तुझ्यावाचून अडेल काय?"

प्रवेशाचे दर बहुधा सणासुदीला आणि शनिवार-रविवारी चढे असतात. दिवाळीच्या सुट्टीच्या अखेरीस, गर्दी ओसरल्यावर, आठवड्याच्या मधल्या दिवशी गेल्यास तीन मोठ्यांचे प्रत्येकी १,०००, मुलाचे ८०० आणि आजीचे ७०० धरता येतील, म्हणजे ४,५००. येथे १,३०० रुपये वाचले. आणखी एक मर्म ध्यानात ठेवावे. डिस्नेलँडमध्ये प्रारंभी आत जाण्याचे शुल्क निराळे आणि प्रत्येक खेळाचे तिकीट निराळे असे. आताच्या बहुतेक उद्यानांत दारातच एकदा मोठे शुल्क भरावे लागते आणि मग आतील बहुतेक खेळ खेळता येतात. म्हणून जो मनुष्य दुपारी पोहोचतो, तो पूर्ण पैसे देऊन अर्धा दिवस गमावतो. आदल्या रात्री जवळ मुक्काम करून सकाळी दार उघडण्याच्या वेळी हजर राहणे, ही मोठी काटकसर आहे.

तो मुक्काम पुण्यास मामांकडे होऊ शकतो. पण पाहुणा होऊन जाणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणे नव्हे, असे आई बजावते. मामांना आधी कळवावे, घरची मोसंबी न्यावी आणि भाजी-दुधासाठी ५०० रुपये राखून ठेवावे, असे ठरते. वाटेसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच न्यावी. अशा उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ बहुधा आत नेऊ देत नाहीत. तेव्हा एक वेळचे जेवण आत घेणे भाग आहे. खाण्याचा खर्च अशा रीतीने ३,००० वरून १,८०० वर येतो. वडील अडीअडचणीच्या १,००० रुपयांकडे बोट दाखवितात. आई ते कमी करू देत नाही. परगावी कोणाला ताप आला, तर औषध उधार मिळत नाही, हे तिचे म्हणणे सर्वांना पटते.

आजी म्हणते, "मी बाहेर सावलीत बसेन. माझे ७०० वाचवा." मुलगा तत्काळ उत्तर देतो, "तू बाहेर आणि आम्ही आत, मग ती घरची सहल कसली?" ते ७०० रुपये वहीत तसेच राहतात. काटकसर जेव्हा माणसाला बाहेर बसवू लागते, तेव्हा ती काटकसर उरत नाही, हे त्या मुलाला कोणी शिकविले नव्हते. हिशेबात त्याला बसविल्यामुळे ते त्याला आपोआप समजले.

मग एक नाजूक प्रश्न निघतो. मुलगा वहीकडे पाहत म्हणतो, "बाबा, गणपतीत मला बारा वर्षे पूर्ण होतात. दिवाळीनंतर माझे पूर्ण तिकीट लागेल." आजी हसून म्हणते, "दिसतोस तर दहाचा. अकराच सांगू." ही सूचना पुष्कळ घरांत हसत हसत मान्य होते. कंडक्टर कदाचित विचारणारही नाही. परंतु ज्या वहीत खोटा आकडा शिरला, त्या वहीवर पुढे कोणी विश्वास ठेवावा? आणि प्रवासाच्या पहिल्याच पायरीवर मुलाला खोटे बोलावयास लावून जो आनंद मिळवावयाचा, तो किती वेळ टिकणार? मुलगी आईकडे पाहते, आई मान हलविते, आणि भाड्याच्या ३,५०० रुपयांत आणखी ७०० मिळविले जातात. भाडे ४,२०० झाले.

नवी बेरीज अशी : भाडे ४,२००, प्रवेश ४,५००, मामांकडील खर्च ५००, खाणे १,८००, अडीअडचण १,०००, एकूण १२,००० रुपये. जवळपास सव्वाचार हजार रुपये केवळ विचाराने कमी झाले.

परंतु दिवाळी दूर आहे आणि सुट्टी आज लागली आहे. म्हणून उन्हाळ्यात एक लहान सहल ठरते, ती वेरूळची. तेथील कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, अखंड डोंगर वरून खाली कोरीत आणून घडविलेले आहे. आजच्या कोणत्याही यंत्रावाचून ते काम झाले. १९८३ पासून वेरूळची लेणी जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पंधरा वर्षांखालील मुलांना तेथे प्रवेशशुल्क नाही आणि मोठ्यांना २०१८ मध्ये ठरलेल्या दराने ४० रुपये पडतात. मंगळवारी लेणी बंद असतात, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. भाडे अडीच तिकिटांचेच. घरची शिदोरी घेतली की सारा खर्च सुमारे १,५०० रुपयांत भागतो.

येथे वडील माणसांनी एक अन्याय टाळला पाहिजे. लेण्यांचे मोठेपण सांगून मुलाची पाळण्याची इच्छा मारून टाकणे बरे नव्हे. वेरूळ हे वेरूळ आहे आणि पाळणा हा पाळणा आहे. एकाने दुसऱ्याची भूक भागत नाही. "त्याऐवजी हे पाहा" असे म्हटले, की मुलाला लेणेही आवडत नाही. "हे आज पाहू, ते दिवाळीत पाहू" असे म्हटले आणि तसे मनापासून ठरविले, तर तो लेण्यांकडे मोकळ्या डोळ्यांनी पाहतो.

वेरूळचा खर्च वजा जाता ५,५०० रुपये उरतील. आई जूनपासून ऑक्टोबरपर्यंत शिवणातून दरमहा ७०० रुपये बाजूला टाकणार. पाच महिन्यांचे ३,५०० होतील. उरलेले ३,००० वडील कापसाच्या पहिल्या वेचणीतून देणार. बारा हजारांची तोंडमिळवणी झाली.

"पण कापूस साधला नाही तर?" असा प्रश्न मुलगीच विचारते. मराठवाड्यातील मुलीला तो सुचावा यात नवल नाही. वडील थोडा वेळ गप्प राहतात आणि म्हणतात, "तर यंदा जायचे नाही. वही फाडायची नाही. जमलेले पैसे पुढच्या वर्षी चालू ठेवायचे." हे उत्तरही वहीत लिहिले जाते.

काही सज्जन म्हणतील की, कोवळ्या मुलांवर पैशाची चिंता लादणे योग्य नाही. हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु चिंता आणि जाण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुलांपासून घरची स्थिती लपविल्याने ती लपत नाही. आईवडिलांचे हळू बोलणे, दारात आलेल्या माणसाला "उद्या या" म्हणणे, हे सारे मुलांच्या कानी पडतच असते. जे अर्धवट ऐकू येते, त्याची भीती अधिक वाटते. जे स्पष्ट सांगितले जाते, त्याला निदान एक आकडा असतो, आणि आकड्याला सीमा असते. आपल्याकडे ७,००० आहेत, १२,००० हवेत, हे ज्या मुलाला माहीत आहे, तो वाट पाहू शकतो. ज्याला काहीच माहीत नाही, तो फक्त झुरू शकतो. अर्थात मोठ्यांच्या सर्व विवंचना मुलांपुढे मांडाव्यात असे नाही. ज्या खर्चात मुलांचा वाटा आहे, त्या खर्चाच्या विचारातही त्यांचा वाटा असावा, एवढेच.

या वागण्याचा लाभ मुलांनाच अधिक होतो. कारण पुढे जगात त्यांना पावलोपावली मोहविणाऱ्या गोष्टी भेटणार आहेत. "आज घ्या, पैसे मागाहून द्या" असे सांगणारे पुष्कळ असतात. त्यांच्यापुढे उभे राहण्याचे बळ उपदेशाने येत नाही. लहानपणी एकदा तरी स्वतःच्या आवडत्या गोष्टीचा हिशेब स्वतःच्या हाताने मांडलेला असला, म्हणजे ते येते.

दिवाळीनंतर त्या घरातील माणसे उद्यानाच्या दाराशी उभी असतील किंवा नसतील. ते पावसावर आहे. परंतु गेली, तर त्या मुलाला आपल्या प्रत्येक फेऱ्याचे मोल ठाऊक असेल. त्यात आईचे शिवण आहे, वडिलांचा कापूस आहे आणि त्याच्या स्वतःच्या खऱ्या वयाचे ७०० रुपये आहेत. न गेली, तर घरात कोणाला खोटी सबब सांगावी लागणार नाही, आणि कोणाला कोणाची नजर चुकवावी लागणार नाही. ताईची वही तेव्हाही फळीवर असेल, आणि तिचे पुढचे पान कोरे असेल.